तिसऱ्या हाकेपर्यंत

आई,

"एका हाकेला ओ देव नको, बाय. तिसरी आयली, की मंग बोल." हे तू मला सांगितलंस तेव्हा मी आठ वर्षांची असेन, आणि माझा उजवा कान तुझ्या चिमटीत होता. दिवस मावळायला आला होता. घरामागच्या बांधावरून तू मला हाक मारलीस, एकदाच, आणि मी हातातली भाकरी ताटलीत टाकून धावत आले. तू बांधाच्या आड बसली होतीस, मला पकडायलाच. "मी नसते त? माज्या आवाजात दुसरा कोन असता त?" मी म्हणाले, "पन तूच व्हतीस." "आज व्हती," तू म्हणालीस. मग कान सोडलास आणि ज्या बोटांनी पिळला होतास त्याच बोटांनी चोळलास. तुझ्या बोटांना मिठाने भेगा पडलेल्या असायच्या, त्यामुळे पिळल्यापेक्षा चोळलेलाच जास्त झोंबला. तिन्हीसांजेला खाडीच्या अंगाने येणारी हाक माणसाचीच असते असं नाही, माणूस तीनदा बोलावतो, आणि ते जे दुसरं असतं त्याला एकदाच बोलावता येतं, हे आपल्या आळीतल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. पण आडोशाला बसून परीक्षा घेणारी आई माझीच होती. मी दोन-तीनदा फसले, नंतर फसेनाशी झाले. तांदळाचं सूप मांडीवर घेऊन बसायचे, पहिली हाक ऐकायची, दुसरी ऐकायची, तिसरीला "ओ" म्हणायचे, आणि तू हसत मागच्या दाराने आत यायचीस. "शानी झाली माजी बाय," असं म्हणायचीस. शाळेत मिळालेल्या कुठल्याही शाबासकीपेक्षा मला ती मोठी वाटायची.

मी आता सेहेचाळीस वर्षांची आहे, तू गेलीस तेव्हाच्या तुझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. हे ज्या वहीत लिहिते आहे ती मला व्यायाम करून घ्यायला घरी येणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंनी दिली. सकाळची गोळी घेतल्यावर तासाभराने लिहायला बसायचं, हात जड होईपर्यंत लिहायचं, जिथे थांबले तिथे वेळ टाकायची. काय लिहायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पहिल्या दिवशी मी भाज्यांची नावं लिहिली आणि दुधी भोपळ्यापर्यंत पोचेतो दमले. आता पानभर होतं. हे पत्र मी सहा सकाळी थोडं थोडं लिहिते आहे, म्हणून अक्षर मध्येच बदललेलं दिसेल.

मला मायस्थेनिया नावाचा आजार आहे, नऊ वर्षं झाली. तुला सांगायचं तर अंगाला निरोप पोचत नाही. हात उचल असा निरोप सकाळी पोचतो, दुपारी उशिरा पोचतो, संध्याकाळी वाटेतच बसून राहतो. डावी पापणी खाली येते, घास गिळताना अडकतो, आवाज नाकात शिरतो. बरा होण्यातला हा आजार नाही, सांभाळण्यातला आहे. दर चार तासांनी एक गोळी, आणि त्या गोळीच्या अवधीत जगून घ्यायचं. मी बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात गाड्यांची कागदपत्रं बघते. ज्या मिठागरात तू आणि बाबा कामाला जायचात, तिथेच ते यार्ड झालं आहे. दिवसभर ड्रायव्हरांचे फोन घ्यावे लागतात. चारनंतर ते विचारतात, "मॅडम, सर्दी झाली काय?" एक जण तर म्हणाला होता, "मॅडम, रडू नका, मी पोचतोय ना." त्यावर आम्ही ऑफिसात आठवडाभर हसत होतो. मीही हसत होते, हनुवटीखाली हात धरून, कारण हसताना मान सावरत नाही.

तीन महिन्यांपूर्वी पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन करावं लागलं. एरवी दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात असं ते ऑपरेशन. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई आदल्या दिवशी माझ्याजवळ बराच वेळ बसल्या. अशा आजारात भुलेची औषधं जपून द्यावी लागतात, नंतर श्वासाला त्रास होऊ शकतो, हे त्यांनी मला आणि घरच्यांना नीट समजावून सांगितलं. मग विचारलं, "घरात कुणाला असं काही? आईला, मावशीला?" मी म्हणाले, "नाही." नऊ वर्षांत हा प्रश्न मला चौथ्यांदा विचारला होता आणि चारही वेळा मी हेच उत्तर दिलं. "आई कशाने गेल्या?" "पाण्यात पडून." त्यांनी ते लिहून घेतलं. पुढे जे झालं त्यात त्यांची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. सगळी काळजी घेऊनही माझं अंग परत यायचं तेव्हा आलं नाही.

"ताई, डोळे उघडा." मला ऐकू येत होतं. घशातली नळी काढली होती, ऑपरेशन संपलं होतं, दोघी सिस्टर माझ्या आसपास होत्या आणि मला सगळं ऐकू येत होतं. एकीने डब्यात सुकट आणली होती. दुसरी म्हणत होती, "परत आणलीस? त्या दिवशी लिफ्टपर्यंत वास गेला होता." "गेला तर गेला. मोठे डॉक्टर विचारत होते कुणाचा डबा म्हणून. रागाने नाही काही, भुकेने." मग पुन्हा माझ्या कानाजवळ, "ताई, ऐकू येतंय का? हात दाबा बघू." माझा हात कुठे आहे ते मला कळत होतं, पण तो शेजारच्या घरातल्या वस्तूसारखा होता, दिसणारा आणि आपला नसलेला. आणि आई, मी तेव्हा मोजत होते. ही पहिली. ही दुसरी. तिसरीला ओ द्यायची म्हणून अंगात असेल नसेल ते गोळा करत होते. तिसरी आली आणि मी ओ दिली. म्हणजे छातीतून काहीतरी निघालं, ओठांपर्यंत आलं आणि संपलं. "काही बोलल्या का?" "नाही गं. नळी काढल्यावर घसा वाजतो तसा. येऊ दे जाग." दुसऱ्यांदा आवाज काढायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं. श्वास घ्यायलाही नव्हतं. माझ्याजवळ एक आवाज होता, तो मी खर्च केला, आणि तो कुणाच्या हाती लागला नाही, एवढं मला अगदी स्वच्छ कळलं. भीती त्यानंतर वाटली. अर्ध्या मिनिटात यंत्र वाजायला लागलं. सुकटवाली सिस्टरच आधी धावली, तिनेच डॉक्टरांना ओरडून बोलावलं, त्यांनी पुन्हा नळी घातली. म्हणून मी आहे.

पाच दिवस मी मशीनच्या श्वासावर होते. रोज संध्याकाळी, भेटायला येणाऱ्यांची वेळ संपली की पडद्यापलीकडून हाक यायची. "बाय." एकच. तुझा आवाज, पण बांधाच्या आडून परीक्षा घेणारा खणखणीत नाही. नाकातला, शेवटाला विरलेला. मी दुसरीची वाट बघायची. ती यायची नाही. मी पाटीवर लिहून डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, औषधांनी भास होतात, जातील. माझ्या नवऱ्याने ती पाटी बघितली आणि विचारलं, "बाय? ही कोण बाय?" इतक्या वर्षांत मला कुणी त्या नावाने हाक मारलेली त्याने कधी ऐकलेली नाही. तू गेल्यावर मला कुणी तसं म्हणालं नाही, बाबा सोडून, आणि तेही आम्ही दोघंच असताना. मी बोटाने ते पुसून टाकलं. भास गेले नाहीत. घरी आल्यावरही सहाच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात बसलेली असताना मागून येतो तो आवाज, आणि आता मी पहिल्याच हाकेला वळते. "कोण आहे?" नवरा विचारतो. "कुणी नाही," मी म्हणते. मागे गॅलरीत वाळत घातलेले कपडे असतात.

मागच्या रविवारी बाबा आले. माझ्या भावाकडे असतात ते, गावात, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले आहेत. पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळून जिताडा आणला होता. "बाजारातला न्हाय, खाडीतला हाय," असं दारातूनच सांगितलं, मग चपला काढल्या. मला अजून पेजेसारखं मऊच खाता येतं, म्हणून त्यांनी शिजवलेला मासा स्वतः कुसकरायला घेतला. खिडकीपाशी उजेडात ताटली धरून एकेक काटा बोटाने चाचपून काढत होते. संध्याकाळ व्हायला लागली होती. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"डोला मिटलाय तुजा."

"संध्याकाळी मिटतो, बाबा. आजाराने."

"तुज्या आयचा पन मिटायचा. हाच." त्यांनी डावा डोळा दाखवला. "बोलायची पन अशीच, नाकातनं. सकाली मिठाची पाटी डोक्यावर घेऊन चालाया लागली की बाप्ये मागं ऱ्हायचे. आन सांच्याला भाकरी थापाया हात उचलत नसं. आमी हसायचो. मी म्हनायचो, तुजा न सूर्याचा एकच टायम हाय."

"डॉक्टरला नाही दाखवलंत?"

"पनवेलला चल बोल्लो व्हतो, दोनदा. 'मना क झायलाय?' बोल्ली." त्यांनी एक काटा ताटलीच्या कडेला ठेवला. आणखी दोन काढले. मग ताटलीकडेच बघत म्हणाले, "गुडघाभर पानी व्हता, बाय. गुडघाभर पान्यात मानूस जातं? मना अजून समजला न्हाय. चक्कर आयली त आयली. एक हाक त मारायची व्हती तिनं. घर क लांब व्हता? कोन पन धावला असता."

मग त्यांनी ताटली माझ्या पुढ्यात ठेवली. मी खाल्लं. एकेक घास हनुवटी छातीला लावून गिळला, डॉक्टरांनी शिकवलं आहे तसा, सगळा संपवला. बाबा म्हणाले, आता येशील ताकदीवर. मी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी बारा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी लागली आहे, मिठागरात शेवटची ओढणी, म्हणजे वाफ्यांतलं मीठ ओढून काढणं, चालू आहे, पावसाच्या आत रास लावायची म्हणून तुम्ही दोघं उशिरापर्यंत राबता. बाबा अजून तिकडेच आहेत. तू घरी आलीस, पाटी भिंतीला टेकवून ठेवलीस, माझ्या पुढ्यातल्या सुपात डोकावलीस आणि म्हणालीस, "खडं दिसत न्हाय तुना? दात पडतील बाबाचे." हे तू म्हणालीस तेही नाकात, जीभ जड झाल्यासारखं, आणि मला ते रोजचं होतं. मग पाय धुवायला बांधाखाली गेलीस. भरती चढत होती, ओहोळात पाणी आलं होतं. भाऊ बाहेर खेळायला गेला होता. घरात मी एकटी. मी खडे वेचते आहे. आणि हाक येते, "बाय." एकच. मी ऐकली. आजवर मी सगळ्यांना सांगितलं की मला काही ऐकू आलं नाही, पोलीस पाटलांना सांगितलं, आजीला सांगितलं, बाबांना सांगितलं. मी ऐकली होती, आई. मी मनात म्हटलं, एक. आणि मी हसले. तुला वाटत असेल ही आज कामात आहे, विसरेल, फसेल. मी फसणार नव्हते. मी दुसरीची वाट बघितली. खडे वेचले. बाहेर पाण्याचा आवाज आला, पाय धुताना येतो तसा, थोडा जास्त वेळ. मला वाटलं, तू चिडवते आहेस. सूप संपलं. तांदूळ डब्यात भरला. दिवा लावला. तरी तू आली नाहीस, तेव्हा मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले आणि मीच तुला हाका मारल्या. तीन मारल्या.

नऊ वर्षांपूर्वी माझा आजार सापडला, तेव्हा डॉक्टरांनी पापणीबद्दल पहिला प्रश्न विचारला आणि त्याच क्षणी मला तुझा डोळा आठवला. बाबांनी आठवण करून द्यायची गरज नव्हती. तरी मी "नाही" म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते, हा आजार सहसा आईकडून मुलीकडे येत नाही. त्या "सहसा"ला मी नऊ वर्षं धरून बसले. कारण तुला हा आजार नव्हता असं म्हटलं, तर तुला तीनदा हाक मारता आली असती. मग ती एक हाक रोजच्यासारखी, परीक्षेची. जे झालं ते त्याच्यानंतर झालं, अचानक, आणि मी सूप घेऊन बसले होते त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पण तुला तो असेल, तर दिवसभर मीठ ओढून आलेल्या संध्याकाळी तू पाण्यात बसकण मारलीस, हातांनी उठता आलं नाही, मान वर धरता आली नाही, आणि तुझ्यापाशी एकच आवाज उरला होता. तो तू माझ्या नावावर खर्च केलास. मशीन लावायच्या आधी त्या अर्ध्या मिनिटात मी हे अंगाने शिकले. एक आवाज काढायला काय लागतं ते मला आता कुणी समजावून सांगायला नको.

बाबांना मी सांगितलेलं नाही. "एक हाक त मारायची" हे त्यांचं दुःख आहे, आणि ते त्यांनी इतकी वर्षं तुझ्यावर रागावून सोसलं आहे. तो राग तुझ्या वाट्याचा नाही, माझ्या वाट्याचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तो तुझ्याकडून काढून माझ्याकडे वळवायला त्यांना किती ताकद लागेल, ते मी ठरवू शकत नाही. माझ्या अंगातही ती नाही, असं म्हटलं तर ते या आजारावर ढकलल्यासारखं होईल. मला भीती वाटते, एवढंच खरं आहे.

येत्या गुरुवारी डॉक्टरांकडे जायचं आहे. छातीत एक ग्रंथी असते, ती काढली तर हा आजार पुष्कळ उतरू शकतो असं ते म्हणतात. म्हणजे पुन्हा भूल, पुन्हा ती खोली, पुन्हा कुणीतरी कानाशी येऊन डोळे उघडा म्हणणार. घरात कुणाला असं काही होतं का, हेही ते पुन्हा विचारतील. या वेळी मी सांगणार आहे, आईला होतं बहुतेक. ते विचारतील, 'बहुतेक' म्हणजे काय, आणि मग म्हणतील, पेशंट बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही. पेशंट म्हणजे तू. ही वही त्यांना दाखवायची आहे, हात कधी दमतो ते बघायला, म्हणून ही पानं मी त्याआधी फाडून घेईन. भाज्यांची नावं तेवढी राहतील.

मला गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली होती. मी फोन करून ती बदलून घेतली, संध्याकाळी साडेपाचची. नवऱ्याला सांगितलं, सकाळी रस्त्याला ट्रेलरची गर्दी असते. खरं कारण हे की सकाळी तू ठणठणीत असतेस. सकाळी तुला बघून कुणीही म्हणेल, बाईला काही झालेलं नाही. साडेपाचला तुझा डोळा उतरलेला असेल. फार काही करायचं नसतं. स्टुलावर बसायचं, डॉक्टर एक बोट वर धरतात, मान न हलवता त्या बोटाकडे बघत राहायचं, पापणी दमते का ते ते बघतात. सुई नाही, काही नाही. मी शेजारीच उभी असेन. तुझी पापणी पडू नये असं मला मनातून वाटत असेल, आणि ते तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी, हे आत्ताच सांगून ठेवते.

तू नाहीच म्हणशील. बाबांना दोनदा म्हणालीस. तरी गुरुवारी माझ्याबरोबर चल, आई, एकदा दाखवून घेऊ.